जागेवरच आहे

आई दर शनिवारी कुमसाराला जायची
माठाच्या जुड्यांवर पाणी मारते म्हणून.
पाण्यानं कालचा पाला आजचा दिसतो.
फादर तीन 'नमो मारिया' सांगायचे.
सोमवारी पहाटे पुन्हा बादली,
पुन्हा अंधेरीचा बाजार.
"पाणी देवाचंच," ती म्हणायची,
"मी नुसतं शिंपडते."

रविवारच्या वर्गात लोर्दीन टीचर
फळ्यावर तीन शब्द लिहायच्या :
कृत्य. हेतू. परिस्थिती.
तिन्ही धड असतील तरच काम धड,
एक नासलं की पातेलंभर दूध गेलं.
मी ते आईच्या बादलीला लावून पाहिलं
आणि कोणाला सांगितलं नाही.

चाळीस वर्षांनी, मरोळच्या त्याच घरात,
पप्पांच्या मणक्यात कॅन्सर उतरला.
डॉक्टर सामंतबाई म्हणाल्या, मॉर्फिन वाढवू,
दुखणं थांबेल,
श्वासही कदाचित मंदावेल.
सांतान भिंतीकडे बघत राहिला.
हिल्डा म्हणाली, फादरना विचारा, मग सही करा.
मी रात्री अकराला फोन लावला.
फादर आग्नेल झोपेतून उठून स्वच्छ बोलले :
वेदना मारायची आहे ना, माणूस नाही ना?
मग द्या. लागेल तेवढंच द्या.
इतकं सोपं होतं ते.
पुस्तकात त्याला पान होतं.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, पेज भरवताना
पप्पांनी डोळे उघडले.
"इनेस, शेत आहे ना?"

शेत म्हणजे अर्धा एकर, एक विहीर,
आणि प्लेगच्या साली गावानं उभारलेला क्रूस.
दोन वर्षांपूर्वी आम्ही ते विकलं.
सांतानचं कर्ज, हिल्डाचं ऑपरेशन,
पप्पांची ही खाटही त्यातलीच.
आता तिथं चौदा मजले आहेत.

मी म्हटलं, "जागेवरच आहे, पप्पा."

जमीन कुठं जाणार?
शब्द न् शब्द खरा.
कोर्टात बायबलवर हात ठेवून म्हणता येईल असा.
माझं मलाच कौतुक वाटलं, खोटं सांगणार नाही.

पप्पा गेले. महिन्याचा मिस्सा झाला.
मी जाळीपाशी गुडघे टेकले
आणि ते एक वाक्य फादरपुढं ठेवलं,
सोनाराकडे अंगठी ठेवावी तसं :
हे खोटं की खरं?
हेतू दयेचा होता. परिस्थिती तुम्हाला ठाऊकच आहे.
फादर बराच वेळ गप्प.
मग विचारलं, "त्यावर डुमिंग काय म्हणाला?"

काय म्हणाले?
म्हणाले, "मग पावसाआधी बांध घालून घ्या."
"आणि तू?"

मी हो म्हटलं होतं.

महिनाभर मी त्या वाक्याची कड तपासत होते
आणि हे 'हो' माझ्या हिशेबातच नव्हतं.
नुसतं एक अक्षर, पेजेच्या चमच्याबरोबर दिलेलं.
त्याला कुठली पळवाट नव्हती.
आणि ते ऐकूनच पप्पांनी
बऱ्याच दिवसांनी तोंड उघडून पेज घेतली होती.
हे मी फादरना सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर बाजू मांडल्यासारखं झालं असतं.

तीन 'नमो मारिया' मिळतील असं वाटलं होतं.
फादर म्हणाले, एकदा तिथं जाऊन ये.

गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं.
नाव. फ्लॅट नंबर. येण्याचं कारण.
नाव लिहिलं. नंबर नव्हता.
कारणाच्या रकान्यावर पेन अडलं,
मागं एक डिलिव्हरीवाला घाई करायला लागला.
"बांध" असं लिहिलं.
वॉचमननं वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि जाऊ दिलं.

क्रूस त्याच्या केबिनमागं सरकवलाय.
चुना बरा मारलाय.
गळ्यात झेंडूची माळ, सुकून तपकिरी.
मी पिशवीतली बाटली काढून
तिच्यावर पाणी शिंपडलं.
थोडा वेळ ताजी दिसली.